मुलांना विचारून

"तुझ्याच पुस्तकात आहे ना, म्हातारी माणसं नव्या शहरात सहा महिन्यांत रुळतात म्हणून?" नवऱ्याने पुस्तक तिच्यापुढे आपटलं. त्याची बदली झाली होती आणि सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या.

मुलांमागे घर सोडणाऱ्या म्हाताऱ्यांवर तिने वीस वर्षं संशोधन केलं होतं. तिने पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे मी त्यांच्या मुलांना विचारून लिहिलंय. म्हातारी माणसं तेव्हा आतल्या खोलीत असायची."

"मी तर समोरच बसलेय," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "मला विचार की!"

"आई, जायचंय तुम्हाला?"

"एकच मैत्रीण उरलीय, ती समोर राहते. तिलाही सामानात बांधणार का?"

नवरा हसला. ती उठली, खिडकीपर्यंत जाऊन परत आली.

"तू जा," ती त्याला म्हणाली. "आई आणि मी इथेच राहतोय."