एका ओळीत अन्नपूर्णा

मलकापूरच्या स्टेशन रस्त्यावर शंकररावांचा छापखाना होता. तिथं दयाराम शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि मी पायानं मशीन चालवायचो. दयाराम देवमाणूस, पण हट्टी असा की विचारू नका. बासष्ट साली त्याच्या पोरीचं, अन्नपूर्णेचं, लग्न ठरलं. शंकरराव म्हणाले, "रविवारी छापखाना तुया. शंभर पत्रिका छापून घे. सोमवारी मशीन मले पाहिजे."

नवरदेवाकडचा निरोप होता: दोन्ही घरांची एकेकच ओळ, कमीजास्त नको. दयारामनं ठरवलं, पोराचं आणि पोरीचं नाव लाल, जाड अक्षरात.

दोन रंग म्हणजे कागद दोनदा छापायचा. आधी काळा, लाल नावाच्या जागी कोरे खिळे भरायचे. कोरा खिळा उमटत नाही, पण जागा खातोच. नवरदेवाचं नाव उत्तम, तीनच अक्षरं, आरामात बसलं. पोरीकडची ओळ होती 'अन्नपूर्णा, दयाराम यांची कन्या, राहणार मलकापूर'; तिच्या नावासाठी मात्र या पठ्ठ्यानं साध्या अक्षरांच्या मापानं कोरे खिळे भरले. वीस वर्षं खिळे जुळवणारा कारागीर आनंदात मापच विसरला! नमुना काढला, तर लाल 'अन्नपूर्णा' काळ्या 'दयाराम'च्या अंगावर चढलेली. मी हसून हसून बेजार.

"हासतं काऊन बे?" म्हणत त्यानं कोरे खिळे वाढवले. आता ओळ चौकटीत मावेना.

"पोरीचं नाव बारीक कर," मी म्हटलं.

"आन् पोराचं जाड? नाई जमत."

दुपार कलली. मी चिडून म्हटलं, "लेका, सोमवारी काय कोऱ्या पत्रिका वाटतं?" त्यानं चिमटा उचलला आणि 'दयाराम यांची कन्या' एवढे खिळे उपसून काढले. ओळ चपखल बसली.

"अबे, बापाचंच नाव काढलं?"

"मले सारं मलकापूर वयखते. तिचं नाव पयल्यांदा छापून राह्यलं."

मी मान खाली घालून मशीन सुरू केलं.

संध्याकाळी गठ्ठा दयारामच्या घरी नेला. पत्रिका वाचून रुखमाबाई, त्याची बायको, भडकलीच. "पोर काय रस्त्यावर सापडली? बाप कुठी हाये?"

अन्नपूर्णेनं पत्रिका पाहिली. चौथी शिकलेली पोर. दौत-टाक घेऊन ओट्यावर बसली. शंभरही पत्रिकांवर चौकटीबाहेर, कडेच्या कोऱ्या जागेत तिनं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'दयाराम खिळेवाल्याची पोरगी.'

दयारामनं पहिली पत्रिका उचलली, वाचली, डोळे पुसले आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"ही नाई वाटाची," तो म्हणाला. "ही माही."