गारवा आत, ओल बाहेर

मिस्त्री दुकानात आले की रामराम नंतर, आधी पालथा हात. माझ्या कम्प्युटरच्या डब्याला, मग भिंतीला, कधी कधी माझ्या कपाळालासुद्धा. "लई तापलाय, भाऊ," म्हणायचे. कम्प्युटर की मी, ते आपण ओळखायचं.

नांदेडला माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान आहे, वर पत्रा. हे मागच्या गल्लीतले कूलर मिस्त्री, साठीचे, मूळचे उमरीचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बसायला खुर्ची दिली तर तिचेच स्क्रू पिळत बसणारा. बसणारा तरी कसं म्हणू? पाच वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे.

त्या मे महिन्यात लग्नसराई जोरात आणि माझा कम्प्युटर तासातासाला तापून बंद. तोही ऐन सप्तपदीत. मिस्त्री म्हणाले, "पंख्यानं काय व्हतंय? पाणी फिरवू." कम्प्युटरात पाणी! मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी डबा उघडलासुद्धा.

कूलरच्या जाळीवरून पाणी सोडलं की ते माठासारखं गार होतं, हे आपल्याला माहीत आहे. तेवढ्यानं भागेना, म्हणून त्यांनी एका मोडक्या छोट्या फ्रिजमधली पेल्टियर पट्टी काढून आणली. वीज दिली की तिचं एक अंग गार पडतं आणि दुसरं तापतं. तापलेलं अंग जाळीच्या पाण्यानं निववायचं, गार अंगावरून दुसरं पाणी नळीनं कम्प्युटरच्या पोटात फिरवायचं. हा सगळा संसार त्यांनी माझ्या टेबलाशेजारी मांडला.

दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी गार नळीला घाम फुटला, थेंब आत टपकले आणि कम्प्युटर गप्प. मी वाट्टेल ते बोललो. मिस्त्री मात्र डब्यात डोकं घालून हसत होते.

"समजलं, भाऊ! जाळी आत ठिवली म्हणून खोलीची हवा ओली झाली. गारवा आत, ओल बाहेर!"

जाळी मागच्या गॅलरीत गेली, नळ्या खिडकीतून आत आल्या. कम्प्युटर वाळवला, सुरू झाला, पुन्हा एक थेंब पडला नाही. तरी मिस्त्री रोज यायचे, नळीवरून बोट फिरवायचे, बोट कोरडं आहे का बघायचे. "अजून एक दिवस बघायलो," म्हणायचे. मला वाटायचं, किती ही काळजी माझ्या कम्प्युटरची!

मग एका दुपारी जेवून आलो तर यंत्र गायब. जुना पंखा नीट बसवून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी एक लग्न द्यायचं होतं. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

घरही पत्र्याचंच, राहायला ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकू. जाळी बाहेर लिंबाच्या सावलीत टपटपत होती. नळ्या खिडकीतून आत, थेट खाटेवर, काकूंच्या उशीखाली. काकू शांत झोपल्या होत्या. आणि मिस्त्री बसले होते. खाली, फरशीवर, पालथा हात काकूंच्या कपाळावर ठेवून.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "दमा हाय हिला. कूलरची ओल सोसत न्हाई. धा उन्हाळे झाले, दुपारची डोळा लागून झोपली न्हाई."

अर्ध्या नांदेडचे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात कूलर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला माझीच लाज वाटली. ते लग्न मी डबा उघडा टाकून, टेबलफॅन लावून कसंबसं पुरं केलं.

वीसेक दिवसांनी सकाळीच मिस्त्री आले. खांद्याला पिशवी, तिच्यात यंत्र, जाळी स्वच्छ धुतलेली.

"घ्या भाऊ. तिकडं आता गरज न्हाई."

बाहेर ऊन पोळत होतं. गरज कशी नाही, असं मी विचारणार, तोच टोपीखालचं त्यांचं मुंडण केलेलं डोकं दिसलं.

त्यांनी सगळं जोडलं, पंप चालू केला, डब्याला पालथा हात लावला. "गार हाय," म्हणाले. हात बराच वेळ तिथंच होता. मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

त्या आठवड्यात ते लेकीकडं देवणीला गेले, ते परत आलेच नाहीत. कम्प्युटर पुन्हा कधी बंद पडला नाही. आता दुकान उघडलं की डब्याला पालथा हात मीच लावतो. गार लागतो, आणि मला बरं वाटत नाही.