ढिगाऱ्यावरची देवी

माझी लेक सुमन गेल्यावर मी देवाला हात जोडणं सोडलं होतं. चांदूर बाजारजवळच्या आमच्या वस्तीमागे बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथून निघालेली माती आणि चुरी वर्षानुवर्षे एकाच जागी टाकून मोठा ढिगारा झाला होता. भर पावसाच्या एका दुपारी त्याची एक बाजू सुटली आणि गोठ्यात बकरी बांधायला गेलेली माझी पोर गोठ्यासकट गाडली गेली. शेजारच्या वनिताचा नवराही त्याच मातीखाली गेला.

खाणवाला डोळे पुसत आला आणि उरलेल्या ढिगाऱ्याच्या माथ्यावर देवीचा तांदळा बसवून गेला. शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याचं देऊळ, त्यावर देवीपेक्षा मोठं स्वतःचं नाव. करून सवरून नामानिराळा! ढिगाऱ्याला भेगा पडल्या होत्या, पायथ्याशी अंगणवाडी होती. ढिगारा हलवा म्हटलं की कचेरीतले साहेब म्हणत, "देवस्थान आहे, हात कसा लावणार?" देवीच त्या पापावर पांघरूण होऊन बसली होती. मला तिचा संताप यायचा.

नवरात्रात एक अनोळखी म्हातारी दारात आली. हातात ओटीचं सामान. भातकुलीकडची म्हणाली, नवी देवी ऐकून आली होती. पाणी देताना मी तोडून बोलले, "वर हाय तुमची देवी. तिच्याच खाली माही पोरगी गेली."

म्हातारी खाली बसली. बराच वेळ रडली, माझ्या सुमनसाठी. मग ओटी माझ्याच पदरात घातली. "देवी म्हंजे लेकच ना वं बाई. लेकीले अशा धोक्यावर कोनी एकटं ठेवते का? घरी घेऊन ये तिले."

ती गेली आणि मी तशीच अनवाणी ढिगारा चढले. खालून सरपंच ओरडले, "अवं, हात नोको लावू! गावावर कोप होईन!"

"आता कोपाचं काय बाकी राह्यलं, भाऊ?"

मी तांदळा उचलून कडेवर घेतला. लहानपणी झोपलेल्या सुमनला उचलायचे तेवढाच भार होता. तेवढ्यात वनिता चढून आली आणि तिने माझा दंड धरला. आम्ही दोघी रडत देवीला खाली घेऊन आलो.

मग साहेबांकडे सबब उरली नाही. आम्ही बायका रोज कचेरीत जाऊन बसलो, तेव्हा कुठे यंत्रं आली. ढिगारा उतरवला, पायथ्याशी भिंत घातली, पाण्याला वाट काढून दिली. खाणवाल्याचं कोणी काहीच केलं नाही. तो डंख गेलेला नाही, जाणारही नाही.

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. ती कोण, हे मी शोधत नाही. देवी आता सुमनचं दप्तर असायचं त्या कोनाड्यात आहे. यंदा एका दुपारी तसाच मुसळधार पाऊस झाला, तरी अंगणवाडीतली सगळी पोरं आपापल्या घरी गेली. त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे दिवा लावला. "माय, तू लय उशिरा उतरली वं," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी माझे हात जोडले गेले.