एका इंग्रजी शब्दाची बारा तोंडं

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीला एस या अक्षरापर्यंत पोचायला एकवीस वर्षं लागली. पोचल्याचं श्रेय आम्ही सगळे घेतो आणि उशिराचं खापर पुरावाकाकांच्या डोक्यावर फोडतो. काका आमचे सर्वांत जुने संपादक. इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ देऊन त्यांचं समाधान होत नाही. त्यांना वापराचं मराठी वाक्य लागतं, आणि तेही कुणा जिवंत माणसानं कामाच्या ओघात बोललेलं. कार्डाच्या तळाशी बोलणाऱ्याचा धंदा आणि तारीख. त्या रकान्याचं नावच त्यांनी 'तोंड' ठेवलंय. मी शेजारच्या टेबलावर बसते आणि तासाला पंधरा वाक्यं पाडते. 'नियमित व्यायामाने शरीर बळकट होते.' असं कोण बोलतं? कुणीच नाही. पण छापल्यावर शोभतं.

'स्ट्रेंग्थन' हा शब्द आला तेव्हा मी 'बळकट करणे, मजबूत करणे' असं लिहून डबा खायला गेले. काका अर्थातच पिशवी खांद्याला अडकवून बाहेर पडले. त्यांना तो शब्द सव्वादोन महिने पुरला. शिंपी म्हणाला, "खिशाला दुहेरी टीप मारलीय, आता हवं तर हत्ती कोंबा." सुतार म्हणाला, "स्टूल डुगडुगतंय, खालून आडवी पट्टी ठोकतो." शाळेतल्या बाई एका आईला सुनावत होत्या, "गणित कच्चं आहे त्याचं, आधी पाढे पक्के करून घ्या." जो तो काहीतरी बळकट करत होता आणि 'बळकट' म्हणायला एकही शहाणा तयार नव्हता. अशी अकरा कार्डं झाली. बारावं अडलं. शरीरात ताकद येणं, या अर्थाचं.

आता हे अडावं कुठे? तर ज्या माणसाची बायको सात महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडून बसली होती, त्याच्याकडे. रोज एक व्यायामवाले घरी येऊन तिच्याकडून 'स्ट्रेंग्थनिंग' करून घेत.

"मग त्यांनाच विचारा की," मी म्हटलं.

"विचारलं," काका म्हणाले. "ते फक्त 'अजून दहा वेळा' म्हणतात."

इकडे आमच्या नव्या संचालकांना कोश छापण्याची घाई. आत काय असावं याबद्दल त्यांचा काही आग्रह नव्हता. जाडी तेवढी ठरलेली होती. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, महिनाअखेर एसच्या कार्डांचा डबा बंद झाला नाही तर दोन वर्षांची मुदतवाढ विसरा. काकांचं निवृत्तीचं वय उलटून गेलेलं. लोकांना बंगला हवा असतो, मान हवा असतो. या माणसाला फक्त झेडपर्यंत जायचं होतं. तरी वाक्य रचायला तयार नाहीत!

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काका आलेच नाहीत. संचालकांनी मला पिटाळलं. "कार्ड घेऊन या. नसेल तर वाटेत तुम्हीच एक लिहा."

लिहिता आलं असतं. पण त्या अकरा कार्डांशेजारी माझं व्यायामाचं वाक्य ठेवायची मला चक्क लाज वाटली.

दार उघडायला वेळ लागला. उघडलं ते काकूंनी. एक हात भिंतीला, पण उभ्या, स्वतःच्या पायांवर!

"काकू, तुम्ही?"

"हो, मीच. पायांत जीव आलाय आता. दारापर्यंत येते, ओट्यापर्यंत जाते. ये आत."

मी आत पाहिलं. काका खुर्चीत बसलेले, मांडीवर कोरं कार्ड, चेहरा सुतकी.

"ऐकलंत का?" मी ओरडले. "हेच तर हवं होतं तुम्हाला!"

"चार दिवसांपूर्वीच म्हणाली ती," काका म्हणाले. "पण उपयोग नाही. संपादकाला घरचं तोंड चालत नाही. घरची माणसं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. मीच केलाय नियम, पहिल्या वर्षी."

"चार दिवस मी घरभर चालतेय," काकू म्हणाल्या, "आणि हे असे बसलेत. मला वाटलं, माझं चालणंच आवडलं नाही की काय!"

माझं डोकंच फिरलं. नोकरी जायची वेळ आली, बायको उभी राहिली, आणि हा मनुष्य नियम कुरवाळत बसलाय! मी त्यांच्या मांडीवरचं कार्ड ओढलं, खिशातलं पेन काढून घेतलं आणि लिहिलं. पायांत जीव आलाय आता. तोंड: गृहिणी. ऐकणारी: मी. तारीख आजची.

"मी तर घरची नाही ना?"

काकांनी कार्ड हातात घेतलं. दोनदा वाचलं.

"तुम्ही विचारल्यावर म्हणाली, की आपणहून?"

"आपणहून. दार उघडता उघडता."

त्यांनी मान हलवली. कार्ड पिशवीत ठेवलं, बंद बांधले. मग वर पाहिलं, भिंतीला धरून उभ्या असलेल्या बायकोकडे, आणि एकदम उठून उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू चालतेयस!"