शिगेची पायली

गुरुवार, ७ जानेवारी १९४३, सकाळी साडेदहा वाजता मी लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात प्राप्तिकर अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले आणि वडिलांची बाजू मी मांडणार असल्याचे सांगितले. दौऱ्यावर आलेल्या साहेबांचे कामकाज तिथेच चाले. त्यांनी माझ्यामागे आणखी कोणी येते आहे का, ते पाहिले.

"वकील कुठं आहेत?"

"नाहीत. नातेवाइकाला बाजू मांडायची मुभा आहे. मुलगी नातेवाईक नव्हे, असं कायद्यात मला कुठं आढळलं नाही."

"कायदा वाचलाय तुम्ही?"

"लागला तेवढा."

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केले. वडील माझ्या मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले.

कामशेतला आमची भाताची गिरणी होती. पवनेच्या खोऱ्यातले शेतकरी भात आणत, आमच्या तेलाच्या इंजिनावर ते भरडले जाई आणि तांदूळ ते घरी नेत. वडील पायलीमागे, म्हणजे चार शेरांच्या मापामागे, ठरलेली मजुरी घेत; कोंडा गिरणीत राही. युद्धाच्या खर्चासाठी कायदा बदलला, करमाफीची मर्यादा खाली आली, वर अधिभार चढला, आणि आजवर कोणाच्या नजरेत न भरलेल्या या गिरणीच्या वह्या प्रथमच तपासल्या गेल्या. साहेबांचा तर्क वरवर निर्दोष होता. भात भरडले की वजनाने दोन तृतीयांश तांदूळ मिळतो. म्हणजे शंभर पायली भाताचा सहासष्ट पायली तांदूळ व्हायला हवा. आमच्याकडून शेतकऱ्यांना परत जात होता जेमतेम निम्मा. मधला तांदूळ वडिलांनी परस्पर विकला असे धरून ती सगळी विक्री त्यांनी उत्पन्नात मिळवली होती. तेवढा कर भरावा लागला असता तर माझ्या एम.एस्सी.साठी राखलेले पैसे त्यातच गेले असते. प्रवेश जूनमध्ये होता.

तळेगावात वकिली करणाऱ्या काकांनी यावर तोड काढली होती. एकत्र कुटुंब म्हणून सगळ्या उत्पन्नावर एकदम कर बसतो. दोन हिस्से दाखवले की दोन्ही मर्यादेखाली जातात. वाटणी मागच्या पाडव्यालाच झाली, असे लिहायचे. मसुदा त्यांनी तयारच आणला होता. जमीन वडिलांकडे, गिरणी काकांकडे. माझ्या वाट्याला एक ओळ होती: मुलीच्या लग्नखर्चाची तरतूद.

"दादा, ही नुसती कागदावरची वाटणी," काका म्हणाले. "चूल एकच राहणार."

"मग कागदावर गिरणी तुमच्याकडेच का, काका?" मी विचारले.

"मुलीला बी.एस्सी. केलं की असे प्रश्न येतात. एम.एस्सी. केलं तर काय होईल?"

"उत्तरं येतील."

वडील हसले नाहीत, पण त्यांनी सहीसुद्धा केली नाही. सुनावणीपर्यंत थांबू, एवढेच म्हणाले. मला तेवढे पुरेसे होते. न झालेली वाटणी झाली म्हणून लिहून देणे आणि न केलेली चोरी कबूल करणे, या दोन्हींना माझा सारखाच नकार होता.

चूक शोधायला मला एक सकाळ लागली. मी भात पायलीने मोजले आणि तराजूत घातले. मग त्याच पायलीने तांदूळ मोजला आणि तोही तोलला. टरफलासकट भात हलके, तांदूळ जड. साहेबांनी दोन्ही पायल्यांचे वजन एकच धरले होते. वडिलांना हे दाखवले तेव्हा ते जवळजवळ रागावले.

"दोन पायली भाताचा एक पायली तांदूळ, हे शेंबडं पोरही सांगेल."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"जे सगळ्यांना ठाऊक आहे ते काय सांगायचं?"

व्हरांड्यात मी हेच मांडले. साहेब ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "तराजू तुमचा, भात तुमचं, गणित तुमचं."

"म्हणून तुम्ही कामशेतला यावं. भात तुम्ही निवडा, माप तुमच्या शिपायानं धरावं."

ते दुपारी आले. ओळीत उभ्या गाड्यांपैकी एकीकडे त्यांनी बोट केले. गाडीवाले आबा कुसगावचे, वयस्क, कानाला बिडी लावलेले. शिपायाने पायली भरली आणि वरचा ढीग तळहाताने सपाट केला.

"अवं, शीग कशाला पाडताय?" आबा पुढे सरसावले. "ती माझी हाय."

"मजुरी शिगेची देता की पायलीची?" साहेबांनी विचारले.

"पायलीची. शीग फुकाट. भात शिगेनं द्यायचं, तांदूळ काठानं घ्यायचा, आमच्यात असंच चालतं."

"मग तांदळाला शीग का नाही लावत?"

"लावली तर पायल्या आणिक कमी भरतील, अन् तुम्ही मालकाला आणिक मोठा चोर ठरवाल."

शिपाई हसला. साहेबांनी दहा पायली भात शिगेने मोजायला सांगितले. साहेबांच्या हिशेबाने दहा पायलीचा साडेसहा पायलीहून अधिक तांदूळ यायला हवा होता. आला पाच पायली एक शेर. त्यांनी दुसरी गाडी निवडली, कुरवंड्याच्या एका मावशींची. तिच्याही दहा पायलींचा तांदूळ बरोबर पाच पायल्या भरला, वर एक शेरही उरला नाही.

इंजिनाचा आवाज थांबला तेव्हा मी बोलले. वडिलांना विचारले असते तर त्यांनी मला अडवले असते, म्हणून विचारले नाही.

"साहेब, एक उत्पन्न आम्ही दाखवलेलं नाही. कोंडा. तो दुसऱ्यांच्या भाताचा आहे, मजुरीपोटी आमच्याकडे राहतो आणि गोठेवाल्यांना विकला जातो. वडील त्याला शेतीचं, म्हणजे करमाफ, उत्पन्न समजत होते. ते तसं नाही. तो मिळवा."

मोजणी पाहायला आलेल्या काकांनी कपाळावर हात मारला. "ही आपल्या बाजूची आहे की त्यांच्या, दादा?"

वडिलांनी कोटाच्या खिशातून वाटणीचा मसुदा काढला, घडी न उलगडता काकांच्या हातात दिला आणि साहेबांना म्हणाले, "ती म्हणते तसंच लिहा."

"तिसरी गाडी मी निवडतो," साहेब म्हणाले. "त्यातही निम्म्याच्या आसपासच निघालं तर तांदळाची विक्री मी उत्पन्नातून काढून टाकीन. कोंड्यावर मात्र कर द्यावा लागेल."

"देऊ," मी म्हटले.

त्यांनी ओळीतली शेवटची गाडी निवडली, सर्वांत ओल्या खाचरातलं भात असलेली. पट्टा चढला, इंजिन पुन्हा धडधडू लागले. शिपायाने भात भरले आणि या वेळी शिगेला हात लावला नाही. तांदूळ खाली आला, मापात पडला, आणि मी पेन्सिलीने लिहिले: भात, दहा पायली. तांदूळ, चार पायली तीन शेर.