तात्पुरते फोटो

मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी महाडच्या कोर्टात एका निकालाची वाट पाहत होतो. फोन त्याच्या पत्नीचा, वैशालीचा होता. झोपेतच गेला, एवढंच ती म्हणाली. निकाल लागला, मी बातमी पाठवली आणि त्याच्या घरी गेलो...

मिलिंद आणि वैशाली बाजारपेठेत एका दुकानाच्या माळ्यावर वेबसाइट बनवून देत. मजकूर मी लिहीत असे. मिलिंदची पद्धत ठरलेली होती. आधी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचं, धंद्याबद्दल तो जे बोलेल ते ऐकायचं, मग कागदावर चौकोन काढून कुठल्या पानावर काय येणार ते दाखवायचं. मजकूर जमे, फोटो मात्र मिळत नसत. ‘उद्या देतो’ हे आमच्याकडचं पक्कं उत्तर. रिकामा चौकोन पाहून माणसं बिचकतात, म्हणून मिलिंद तिथे स्वतःचा फोटो लावी. मिठाईच्या दुकानात पेढा चाखणारा तो, दातांच्या दवाखान्यात तोंड उघडून बसलेला पेशंट तो, बिरवाडीच्या खाणावळीत जेवणारा कामगारही तोच. हे सगळं तात्पुरतं असे. साइट सुरू होई आणि गिऱ्हाइकाचा तो ‘उद्या’ उगवत नसे.

“माझ्या पेढ्यापेक्षा तुझंच थोबाड मोठं दिसतंय,” मिठाईवाले एकदा म्हणाले.

“फोटो द्या, लगेच उतरतो.”

“राहू दे. खाताना बरा दिसतोस.”

तेराव्यानंतर खाणावळीचा नंबर हवा होता म्हणून मी साइट उघडली. मिलिंद जेवत होता. मी नंबर न घेताच ती बंद केली.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरांनी वैशालीला फोन केला. “वहिनी, राग मानू नका. गावातले पेशंट त्याला ओळखतात. त्या खुर्चीत बसायला कचरतात.” तिने त्याच दिवशी फोटो बदलला. मग बाकीचेही बदलायचं ठरवलं. नवे फोटो काढायला ती एकेका ठिकाणी जाऊ लागली, सोबत मी. मिठाईवाल्यांनी या वेळी मुकाट्याने पेढ्यांचं ताट पुढे केलं.

“रोज एका दुकानातून त्याला बाहेर काढतेय मी, भाऊजी,” परतताना ती म्हणाली.

शेवटचं ठिकाण पोलादपूरच्या वरच्या अंगाला होतं. तिथल्या वाडीत सखारामकाका शेती करतात आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांच्या साइटवर मिलिंद ओटीवर चहा पीत बसला आहे. आम्ही पोचलो तेव्हा मुंबईचं एक कुटुंब नुकतंच उतरलं होतं. त्यातल्या बाईंनी मोबाइल पुढे धरला.

“काका, हे कोण? तुमचे भाऊ?”

सखारामकाकांनी फोटो पाहिला. मग वैशालीकडे पाहिलं. मिलिंद गेल्याचं त्यांना माहीत होतं. अंत्ययात्रेला ते वाडीतून आले होते.

“नाय. पोर हाय आपलंच.”

“आज दिसत नाहीत?”

“महाडला गेलाय,” काका म्हणाले. “येल.”

बाई सामान घेऊन आत गेल्या. काका वैशालीला म्हणाले, “बस गो. च्या टाकायला सांगतो.” त्यांनी ओटीवर एक खुर्ची मांडली, जरा थांबून शेजारी दुसरी मांडली. वैशाली दुसऱ्या खुर्चीत बसली नाही, मलाही बसू दिलं नाही. पहिलीही तशीच सोडून आम्ही पायरीवर बसून चहा घेतला. नंतर तिने दोन्ही खोल्यांचे, चुलीचे, गोठ्याचे, खालच्या भातशेतीचे फोटो काढले... ओटीकडे कॅमेरा वळवला नाही.