मुडपलेल्या कडेतला रंग

पडद्याच्या कापडाचं दुकान दिसलं की आजही त्या काकू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. नोकरीतल्या खुनाच्या केसेस मी विसरलो, ही नाही विसरलो.

मी तेव्हा आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, लष्कर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख, आमच्याकडच्या भाषेत टी.आय., होतो. सकाळची हजेरी उरकत होती. पंचाहत्तरीच्या एक मराठी काकू पिशवी घेऊन आल्या. मागोमाग त्यांचा मुलगा, तोंड आंबट करून.

"साहेब, हे पडदे माझे नाहीत. दुकानदाराने बदलले," काकू म्हणाल्या.

"सर, आईचं दिमाग आता चालत नाही," मुलगा म्हणाला. "परेशान करून टाकलंय तिने. वही पडदे हैं, मी स्वतः पाहिलेत."

काकूंचे यजमान इथल्याच एका कापडगिरणीत छपाईच्या नक्ष्या काढत. लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः काढलेल्या नक्षीचं कापड घरी आणलं. निळ्या फांद्या, तांबडी डाळिंबं. पुढे गिरणी बंद पडली, यजमानही गेले, पडदे तेवढे राहिले. सिटी सेंटर भागातल्या नव्या फ्लॅटसाठी मुलाने ते पाटणकर बाजारातल्या एका पडदेवाल्याकडे अस्तर लावायला टाकले होते.

खरं सांगतो, चहा पाजून मी काकूंची बोळवण करणार होतो. पण त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली आणि माझ्याच टेबलावर पडद्याची खालची मुडपलेली कड उसवायला घेतली.

"हे बघा. ऊन खाऊन कापड बाहेरून विटतं, मुडपलेल्या भागात नाही. इथे आतबाहेर सारखंच विटकं. मेल्याने विटका रंगच छापून घेतलाय!"

मी चष्मा लावून पाहिलं. बाई बरोबर बोलत होती. मी रोजनाम्यात नोंद घेतली आणि पडदेवाल्याला बोलावलं.

"साहब, माताजी सठिया गई हैं," तो हसत म्हणाला आणि माझ्याच शिपायाला चहा सांगायला लागला. माझा अनुभव असा की, खोटा आळ आलेला व्यापारी आधी भांडतो. हा गोड बोलत होता. दोन तास विचारपूस केली, पण गडी बधला नाही.

दोन दिवसांनी खबऱ्याने निरोप दिला की पडदेवाल्याच्या टोपी बाजारातल्या गोदामात एक गाठोडं आहे, तो कुणाला हात लावू देत नाही. पंच घेऊन आम्ही झडती घेतली. गाठोड्यात तशाच नक्षीचे पडदे निघाले.

"ये तो दूसरे घर का पुराना माल है," तो म्हणाला. आता आली का पंचाईत! गिरणीने ते कापड काय एकाच घरासाठी छापलं होतं?

मी काकूंना आणि मुलाला तिथेच बोलावलं. कड उसवण्याआधी काकूंना विचारलं, "आत काय निघेल ते आधी सांगा. पंचांसमोर लिहून घेतो."

"काठावर पाच ठिपके. छपाईत जितके रंग, तितके ठिपके काठावर असतात, हे ह्यांनीच मला शिकवलं. पण ते त्या कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर असतील," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट असेल. नव्या कापडाला कुंकू लावल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

शिपायाने कड उसवली. पाच ठिपके होते. कोपऱ्यात कुंकवाचा डाग होता, बोटाएवढा, पार मागपर्यंत उतरलेला. एका हॉटेलवाल्याला जुनी छपाई हवी होती, म्हणून अस्सल पडदे त्याच्यासाठी दडवले आणि नक्कल छापून ती काकूंना दिली, असं पडदेवाल्याने कबूल केलं.

मुलगा म्हणाला, "सॉरी, आई."

काकूंचं लक्षच नव्हतं. मुडपलेल्या भागातली डाळिंबं लालभडक होती, निळा रंग ओला असल्यासारखा. त्यांनी ती पट्टी गालाला लावली. "अगो बाई, असा होता रंग! मी विसरलेच होते हो. ह्यांनी आणला त्या दिवशी अगदी असाच होता."

पडदे मुद्देमालात जमा झाले. कोर्टातून ते काकूंना परत मिळेपर्यंत मी स्वतः खेटे घातले. पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो, तर पडदा लागलेला होता, पण खालची कड तशीच उसवलेली. लाल-निळी पट्टी जमिनीवर लोळत होती.

"शिवून नाही घेतली?"

"नाही. राहू दे आता उघडी."

माझी आई शेवटच्या वर्षात एक शाल हातात घेऊन सारखी म्हणायची, "ही माझी नाही रे." मी म्हणायचो, "आई, तू विसरतेस." हजारो लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या मी. तिला मात्र एकदाही विचारलं नाही, की तुझी कशी होती, सांग.

ती शाल अजून माझ्या कपाटात आहे. ती तिचीच आहे की नाही, हे आता सांगणारं कुणी नाही.